जाड भिंतीचा भरवसा

जाड भिंत म्हणजे सुरक्षितता ही समजूत मनुष्याच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, तिच्याविषयी शंका घेण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आमच्या शेवगावातील जुने वाडेच पाहा ना! पांढऱ्या मातीच्या दोन दोन हात रुंद भिंती, वर धाबे, आणि दरवाजाला आतून भक्कम अडसर. वैशाखात बाहेर धरणी भाजून निघत असता आत सोप्यावर सुखाने डुलकी घेता येते. ज्या पूर्वजांनी ह्या भिंती उभारल्या त्यांचा हिशेब सरळ होता : भिंत जितकी जाड तितके घर निर्धास्त. ऊन, पाऊस आणि चोर ह्यांच्यापुरता हा हिशेब अगदी खरा आहे. परंतु सृष्टीत असेही काही पाहुणे आहेत की, त्यांच्यापुढे हा हिशेब टिकत नाही. कित्येकदा तर तो उलटा पडतो. त्या पाहुण्यांविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

हे पाहुणे म्हणजे विश्वकिरण. नाव किरणांचे असले तरी ते प्रकाशाचे किरण नव्हेत. अंतराळातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत येणारी ही अणूंची केंद्रे आहेत. भोवतीचे इलेक्ट्रॉन गळून पडल्यामुळे विद्युद्भार उघडा पडलेली. अशा भारित कणांस शास्त्रात आयन म्हणतात. त्यांतील शंभरांपैकी सुमारे नव्वद नुसती हायड्रोजनची केंद्रे, म्हणजे प्रोटॉन, असतात. बहुतेक उरलेली हेलियमची. आणि शेकडा एकाच्या आसपास त्यांहून जड. ह्या जडांमध्ये लोखंडाचे केंद्र विशेष खट्याळ. त्याचा भार 26. वाटेत भेटणाऱ्या पदार्थास, मग तो धातू असो की मनुष्याचे शरीर, असा कण जी इजा करतो ती भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच वेगाचा एक प्रोटॉन जेथे एक घाव घालील तेथे लोखंडाचे केंद्र 676 घाव घालते. संख्येने थोडे, पण उपद्रवाने भारी, अशी माणसे समाजात असतात. तशीच ही केंद्रे.

शेवगावात बसून आम्हांस त्यांचे भय नाही. आपल्या डोक्यावर हवेचे जे छत्र आहे त्याचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरते. म्हणजे दहा मीटर खोल पाण्याखाली राहण्यासारखेच झाले. लोखंडाचे केंद्र त्या छत्राच्या अगदी वरच्या थरातच फुटून जाते. त्याच्या आणि इतरांच्या चुऱ्यातून निर्माण झालेले म्युऑन नावाचे कण तेवढे खाली पोचतात, आणि आपल्या तळहातामधून दर सेकंदाला एखाददुसरा आरपार निघून जातो. त्याची आपणांस जाणीवही नसते. परंतु जो मनुष्य हे छत्र सोडून वर जातो त्याचे काय? 1984 साली राकेश शर्मा गेले. 2025 सालच्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर राहून आले. तेथे निदान पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बऱ्याच किरणांस परतवून लावते. चंद्राच्या आणि मंगळाच्या वाटेवर तेही नाही. तेथे प्रवाशाचे संरक्षण करावयाचे ते यानाच्या भिंतीनेच. आणि ती भिंत कशाची व किती जाड असावी, हाच सारा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाची ओळख आम्हांस आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येमुळे झाली. ती मुंबईस राहून ह्याच विषयावर प्रबंध लिहीत आहे. वेगवान आयन संरक्षक पदार्थात शिरल्यावर कसे फुटतात, त्यांचे कोणते तुकडे कोणत्या दिशेने निघतात, ह्याची प्रतिकृती संगणकात उभी करावयाची, हे तिचे काम. गेल्या दिवाळीत ती चार दिवस घरी आली होती. फराळ करता करता आमच्या मातोश्रींनी तिला विचारले, "अगं, इतका विचार कशाला करायचा? त्या मुलांना शिशाचे घर करून द्यावे. क्ष-किरणवाले शिसेच वापरतात ना?"

प्रश्न अडाण्याचा नव्हता. तीस-चाळीस वर्षे इस्पितळांच्या पायऱ्या चढलेल्या कोणत्याही मनुष्यास हेच सुचेल. पण पोरीने उत्तर दिले ते आम्हां सर्वांस नवे होते. "आजी, क्ष-किरणाला शिसे चालते. ह्यांना शिशाची भिंत दिलीस, तर तीच भिंत आतल्या माणसावर दगड मारू लागते."

हे अक्षरशः खरे आहे, आणि त्याचा शोध बराच जुना आहे. 1930 नंतरच्या काही वर्षांत ब्रूनो रॉस्सी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने विश्वकिरण मोजण्याच्या नळ्यांवर शिशाचे पत्रे ठेवून पाहिले. पत्रे ठेवल्यावर मोजणी कमी व्हावी ही अपेक्षा. प्रत्यक्षात ती वाढली! सुमारे दीड सेंटिमीटर जाडीपर्यंत वाढतच गेली, आणि मग कोठे उतरू लागली. शिशात शिरलेला एक कण बाहेर पडताना अनेक होऊन पडत होता. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण ह्यांची ही वंशवेल कशी फोफावते त्याचे गणित 1937 साली आपले डॉ. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर ह्यांनी मांडले. पुढे 1945 साली भाभांनी जी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली, तिच्या आरंभीच्या कार्यात विश्वकिरणांस मानाचे स्थान होते. जड केंद्रेही विश्वकिरणांत असतात हे 1948 साली अमेरिकेत फुग्यांतून पाठविलेल्या साधनांनी उघडकीस आणले. त्या शोधात सहभागी असलेले बर्नार्ड पीटर्स हे नंतर मुंबईस ह्याच संस्थेत येऊन काही वर्षे राहिले. ही परंपरा पुढेही चालू राहिली. हैदराबादेहून संस्थेचे प्रचंड फुगे आकाशात जातात, आणि त्यांची यंत्रे पॅराशूटच्या साहाय्याने तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र ह्यांतील शेतांत उतरतात. 1985 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन अवकाशयानातून एक भारतीय उपकरण वर गेले. त्याचे नाव आपल्या पंचांगातलेच, अनुराधा. त्यात विशिष्ट प्लॅस्टिकच्या चकत्यांची चळत होती. कण चकतीतून गेला की त्याचा माग आत राहतो, आणि चकती क्षारात ठेवली की तो माग सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याजोगा होतो.

आता भिंतीत घडते काय ते पाहू. अणूचे केंद्र फुटणे म्हणजे काच फुटणे नव्हे. दोन रव्याचे लाडू एकमेकांस निसटते घासून गेले अशी कल्पना करावी. जेथे घासले तेथला भाग दोहोंचा तुटतो. उरलेले लाडू पुढे जातात खरे, पण ते आतून हादरलेले असतात, आणि जाता जाता त्यांच्यातून आणखी कण झडत राहतात. शास्त्रज्ञ ह्या दोन पायऱ्या वेगवेगळ्या धरतात : प्रथम घासणी, मग झडणी. पहिली निमिषाच्या कल्पनातीत अल्पांशात आटोपते. दुसरी त्या मानाने सावकाश. लोखंडाचे केंद्र असे फुटले म्हणजे त्याचे मँगनीज होईल, क्रोमियम होईल, सिलिकॉन होईल, हेलियमचे कण आणि सुटे प्रोटॉन निघतील. आणि हे सारे तुकडे मूळ केंद्राच्याच वेगाने पुढे धावतील.

हे फुटणे एका परीने इष्टच. 26 भाराच्या केंद्राचे 13-13 चे दोन तुकडे झाले, तर घावांचा हिशेब 676 वरून 338 वर, म्हणजे निम्म्यावर, येतो. परंतु दुसरा लाडू विसरून चालणार नाही. तो भिंतीचा असतो. तोही तुटतो, आणि त्याच्यातून न्यूट्रॉन झडतात. न्यूट्रॉनास भार नाही. त्यामुळे तो जाड भिंतीतूनही बिनदिक्कत चालत येतो. भिंतीचे केंद्र जितके मोठे तितके हे न्यूट्रॉन पुष्कळ. म्हणून भिंत पहिल्यांदा जाड करीत गेलो की किरणांचा डोस झपाट्याने उतरतो, मग हळू, आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत काही मर्यादेपलीकडे तो उतरावयाचा थांबतो. कित्येक हिशेबांत किंचित चढतोसुद्धा.

मग शिशाऐवजी काय? ह्याचे उत्तर ऐकून मातोश्रींनी हात जोडले. पॉलिथिलीन! ज्या पदार्थाच्या पिशव्या आमच्या गल्लीतल्या गाई चघळतात, तोच. त्यात हायड्रोजन भरपूर असतो, आणि हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन. त्याच्यातून झडावयास न्यूट्रॉनच नाहीत. शिवाय यानात मोजावयाचे ते वजन, जाडी नव्हे. दर चौरस सेंटिमीटरला 20 ग्रॅम वजनाची भिंत धरली तर ती शिशाची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर होईल, ॲल्युमिनियमची सुमारे साडेसात, आणि पॉलिथिलीनची वीत-दीड वीत. ढोबळ हिशेबाने लोखंडाची शंभर वेगवान केंद्रे तीमधून सोडली, तर शिशातून सुमारे पंचाहत्तर न फुटता पलीकडे जातील, ॲल्युमिनियममधून चाळीसच्या आसपास, आणि पॉलिथिलीनमधून दहासुद्धा नाहीत. अवकाशस्थानकावर प्रवाशांच्या निजण्याच्या कोनाड्यांभोवती पॉलिथिलीनच्या फळ्या बसविल्या आहेत त्या ह्याचसाठी. पाणीही असेच गुणी. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेला लागून आहे. पिके आणि तहान ह्यांपलीकडे पाण्याचा हा गुण आम्हांस ठाऊक नव्हता.

येथवर गोष्ट कुतूहलाची होती. पुढची जिव्हाळ्याची आहे. पुतणीचा प्रबंध बरेच महिने रखडला आहे, आणि घरात त्याची चर्चा चालू होती. तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या बंधूंना, ते फार लागले होते. परदेशी जाण्याची एक संधी प्रबंध वेळेवर न झाल्यामुळे हातची गेली. तिचे म्हणणे असे की, आपल्या संगणकातून हेलियमच्या तुकड्यांची जी संख्या येते, ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेल्या संख्येशी जुळत नाही. आणि ती का जुळत नाही हे कळल्याखेरीज आपण ते प्रकरण छापावयास देणार नाही. बंधू म्हणाले, "गणित बरोबर आहे, यंत्र बरोबर आहे, मग अडलं कुठे? थोडा फरक राहायचाच." तिने वाद घातला नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने घरातली सगळी मुले सोप्यावर गोळा केली आणि चिंचोके मागविले.

खेळ असा होता. चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळ्या घ्यावयाच्या. एक बाजू पांढरी, दुसरी तांबूस. खडूने जमिनीवर सोळा रेघा ओढल्या. प्रत्येक रेघ म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर ॲल्युमिनियमचा थर. एक मूल लोखंडाचे केंद्र होई. प्रत्येक थरापाशी चार डाळ्या फेकावयाच्या. चारही पांढऱ्या पडल्या तर केंद्र फुटले, नाहीतर पुढच्या रेघेवर जावयाचे. प्रत्येक डाळी निम्म्या वेळा पांढरी पडते असे धरले, म्हणजे चारही पांढऱ्या पडण्याचा संभव सोळांत एक. आणि अर्धा सेंटिमीटर ॲल्युमिनियममध्ये लोखंडाचे केंद्र फुटण्याचा संभवही जवळजवळ तेवढाच. कोणते केंद्र कोठे फुटेल हे कोणासच आधी सांगता येत नाही. सांगता येतो तो केवळ संभव, आणि म्हणून फासे टाकूनच हिशेब करावयाचा. 1946 साली स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती आजारातून उठत असता पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव लावीत होता, तेव्हा त्यास ही युक्ती सुचली. मोनॅकोमधील जुगाराच्या सुप्रसिद्ध ठिकाणावरून तिला माँटे कार्लो पद्धती असे नाव पडले. जिआंट-4, फ्लुका, फिट्स ह्या नावांच्या आजच्या आज्ञावली हेच करतात. फरक इतकाच की, आमच्या मुलांनी शंभर केंद्रे सोडली, आणि संगणक कोट्यवधी सोडतो.

कागदावरच्या गणिताप्रमाणे शंभरांतील छत्तीसच्या आसपास केंद्रे सोळावी रेघ न फुटता ओलांडावयास हवी होती. सव्वासहाशेवर फेका झाल्या, मुले पेंगू लागली, आणि अखेर उतरलेली केंद्रे भरली अकरा. बंधूंनी दोनदा बेरीज तपासली. बेरीज बिनचूक होती. फेकांत लबाडी कोणी केली नव्हती. नोंदवही त्यांनी स्वतःच ठेवली होती.

"आता डाळ्या तपासा," पुतणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार डाळ्या प्रत्येकी सव्वाशे वेळा फेकल्या. पाचशेंपैकी 302 वेळा पांढरी बाजू वर आली. डाळीची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ती निम्म्या वेळा पांढरी पडेल हे आपण घरबसल्या ठरविले होते, डाळीला विचारले नव्हते. साठ टक्क्यांच्या हिशेबाने चारही पांढऱ्या पडण्याचा संभव सोळांत एक नव्हे, तर साडेसातांत एक होतो. आणि मग दहा-अकरा केंद्रेच पलीकडे जातील हे उघड आहे. त्या रात्री डाळ्यांऐवजी रुपयाची चार नाणी घेतली. अडतीस केंद्रे पलीकडे गेली. तिसऱ्या रात्री तेहेतीस. शंभर केंद्रांच्या खेळात इतका चढउतार राहणारच. तो निम्मा करावयाचा तर खेळ चौपट खेळावा लागतो. पण डाळीतला खोटेपणा खेळ हजारपट खेळूनही जाणार नाही. उलट, जितके अधिक खेळावे तितका तो चुकीचा अकरा अधिकाधिक ठाम होत जाईल.

बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या डाळ्या कोण तपासतं?"

तिने सांगितले ते असे. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे 2003 पासून आणि जपानात चिबा येथे 1994 पासून अशी यंत्रे आहेत की, ज्यांतून लोखंडाची, कार्बनची वेगवान केंद्रे हवी तेव्हा मिळतात. ती पॉलिथिलीनवर, ॲल्युमिनियमवर, शिशावर सोडावयाची, आणि पलीकडे काय निघते ते मोजावयाचे. प्रत्येक केंद्र, प्रत्येक वेग, प्रत्येक पदार्थ अशा जोड्या अगणित, मोजलेल्या थोड्या. जेथे मोजलेले नाही तेथे आज्ञावली अनुमान करते, आणि निरनिराळ्या आज्ञावलींचे अनुमान सारखे नसते. हलक्या तुकड्यांच्या आणि न्यूट्रॉनांच्या बाबतीत तर विशेषच नसते. तिची अडचण नेमकी तेथे होती.

हा निव्वळ विद्वानांचा वाद नव्हे. चिबा येथे 1994 पासून कार्बनच्या केंद्रांनी कर्करोगावर उपचार करतात. असा कण शरीरात ठरावीक खोलीवर थांबतो, आणि थांबताना आपला बहुतेक घाव तेथेच घालतो. म्हणून तो रोगग्रंथीवर नेमका टाकता येतो. परंतु वाटेत जे थोडे कार्बन फुटतात, त्यांचे हलके तुकडे ग्रंथी ओलांडून पलीकडच्या निरोगी भागात जातात. ते किती, हे ठाऊक नसेल तर वैद्याने मात्रा कशी ठरवावी? आपल्याकडे खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत 2023 साली प्रोटॉनांचे उपचार सुरू झाले. प्रोटॉन स्वतः फुटत नाही, पण ज्यावर आदळतो त्यातून न्यूट्रॉन उडवतो; म्हणून अशा उपचारखोल्यांच्या जाड काँक्रीटच्या भिंती आधी असाच हिशेब करून मग बांधतात. काँक्रीटमध्ये पाण्याचा अंश असतो, आणि न्यूट्रॉनाची रग जिरविण्यास तोच उपयोगी पडतो.

आणि मंगळाच्या वाटेवरचा आकडा तर तळहातावरच्या रेघेसारखा स्पष्ट आहे. 2011-12 मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जात असता त्यातील मापकाने वाटेतला डोस मोजला. त्यावरून केवळ जाण्यायेण्याच्या प्रवासाचा डोस सुमारे 660 मिलीसिव्हर्ट भरतो, असे 2013 साली प्रसिद्ध झाले. आपणांस जमिनीवर निसर्गतः वर्षाकाठी सरासरी अडीचच्या आतबाहेर मिळतो. आणि अमेरिकन अवकाशसंस्थेने आपल्या प्रवाशास उभ्या आयुष्याची घालून दिलेली मर्यादा आहे 600. गरज आणि मर्यादा ह्यांत अंतर इतके थोडे असता, भिंतीच्या हिशेबात शेकडा वीस-पंचवीसांची चूक राहिली, तर जाऊ नये तो मनुष्य जाईल, किंवा जाऊ शकला असता तो उगाच राहील. "थोडा फरक राहायचाच" ह्या वाक्याची किंमत अशी आहे.

मुलांवर संकट येऊ नये म्हणून आपण घरोघर भिंती घालीत असतो. प्रेमाने घालतो, आणि भय वाटेल तशा त्या जाड करीत जातो. त्या भिंतींचेही तुकडे आत उडतात की काय, हा विचार त्या रात्री आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पण दृष्टान्त फार ताणू नये. एवढे मात्र खरे की, ज्या मुलीला परदेशच्या संधीपेक्षा आपल्या आकड्याचा खरेपणा मोलाचा वाटला, तिला आम्ही कोणी हे शिकविलेले नव्हते. तिने ते कोठून तरी मिळविले, आणि जपले.

प्रबंध अद्याप पुरा झालेला नाही. चिबा येथील मोजमापांशी आपले आकडे ती पुन्हा एकदा लावून पाहत आहे. बंधू आता दूरध्वनीवर "झालं का?" असे विचारीत नाहीत, "जुळलं का?" असे विचारतात. मुलांनी त्या चार डाळ्या एका डबीत घालून ठेवल्या आहेत, आणि डबीवर एकाने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले आहे : पाचशेंत 302.